सुताचे वाढलेले वजन

एकदा असे झाले, की आभाळाने एका विणकराला एकाच उन्हाळ्यात तीनदा फसवले.

विणकराचे नाव मार्तंड. सह्याद्रीच्या पूर्वेला, जिथे नदी घाट उतरून सपाटीला लागते आणि जरा दमाने वाहू लागते, तिथे विणकरांची एक आळी होती. चाळीस-बेचाळीस घरे, आणि प्रत्येक घरात जमिनीत खड्डा खणून बसवलेला माग. विणकराने खड्ड्यात पाय सोडून बसायचे, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातांनी धोटा फेकायचा. पण ताण्याचे, म्हणजे उभे, सूत मागावर चढवण्याआधी त्याला पेजेची खळ लावावी लागते आणि ते काम घरात होत नाही. पहाटे आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणायचे, कुंच्याने खळ चोळायची आणि उन्हे वर येईपर्यंत ते सुकू द्यायचे. त्या दोन-तीन तासांत एक सर आली, की आठवड्याची मेहनत चिखलात जाते. मार्तंडाचे चैत्रात असे एकदा झाले आणि वैशाखात दोनदा. तिसऱ्या खेपेला तर खळ लावायला घेतली तेव्हा आभाळ लख्ख होते. वळवाची सर आली आणि घटकाभरात निघूनही गेली. मार्तंड रस्त्याच्या मधोमध चिकट सूत हातात धरून उभा राहिला आणि शेजारची माणसे, हसू नये एवढी माणुसकी असल्यामुळे, घरात जाऊन हसली.

आळीमागे एक टेकाड होते. त्यावर देवीचे देऊळ, आणि देवळाशेजारच्या धर्मशाळेत एक म्हातारा राहत असे. तो मूळचा कोकणातला. चाळीस वर्षे तारवावर काढली, त्यातली वीस तांडेल म्हणून, म्हणजे तारवाचा म्होरक्या म्हणून. नजर अधू झाल्यावर तो किनारा सोडून घाटमाथ्यावर जाऊन राहिला, आणि तिथला पाऊस गुडघ्यांना सोसेनासा झाल्यावर इकडे सपाटीला आला. लोक त्याला तांडेलबाबा म्हणत. समुद्र, घाट आणि सपाटी अशी वाऱ्याची सगळी वाट त्याने जगून पाहिली होती; पण तो त्याबद्दल आपणहून कधी बोलत नसे, त्यामुळे आळीत बहुतेकांची समजूत अशी, की म्हातारा देवीच्या प्रसादावर जगणारा एक गरीब जीव आहे.

तारवावरच्या माणसाला आभाळ कळतेच, असे वाटून मार्तंड त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, की मला आभाळ वाचायला शिकवा. तांडेलबाबाने त्याला वाचायला आभाळ दिलेच नाही. त्याने एक छोटा तराजू दिला, हाताच्या मुठीएवढा एक दगड दिला, आणि सोनार वापरतात तसल्या लाल गुंजांची एक पिशवी दिली. वर सांगितले, की तुझ्याच घरातली सुताची एक लडी घे, पश्चिमेच्या ओट्यावर छपराखाली टांगून ठेव, आणि रोज सकाळी ती या दगडाबरोबर तोल. कमी पडेल तेवढ्या गुंजा दगडाच्या पारड्यात टाक, त्या मोज आणि मला येऊन सांग.

मार्तंडाला राग आला. तीस वर्षांचा बाप्या, घरात दोन मुले, आणि हे काय, गुंजा मोजायच्या? सूत तेच, दगड तोच, वजन रोज वेगळे कसे येईल? पण शिकवा म्हणून आपणच गेलो होतो, तेव्हा तोंड मिटून त्याने लडी टांगली. ऐन उन्हाळ्यात दगड आणि लडी बरोबर उतरली, एकही गुंज लागली नाही. पुढे एके सकाळी सात लागल्या, दुसऱ्या दिवशी अकरा, आणि त्या दुपारी वळीव कोसळला. मार्तंडाच्या डोक्यात प्रकाश पडला. हवेतली ओल सूत पिते, म्हणून ते जड होते. जड झालेले दिसले, की त्या दिवशी खळ लावायची नाही, एवढे साधे गणित. त्यानंतर त्याचे एकही सूत भिजले नाही. जे घरात जाऊन हसले होते तेच आता सकाळी त्याच्या ओट्याशी येऊन विचारू लागले, की मार्तंडा, आज किती भरल्या रे? माणसाला आणखी काय हवे? मार्तंडाने मनाशी ठरवून टाकले, की विद्या पुरी झाली. तरी तो रोजचा आकडा सांगायला टेकाडावर जात राहिला, कारण म्हाताऱ्याने नको असे म्हटले नव्हते.

आता या आळीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचे सारे तिच्यावर घडले. नवरात्रात देवीला नेसवायचे महावस्त्र दरवर्षी आळीतल्या एका घरी विणले जाई. श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी त्याचा ताणा मागावर चढे. तो चढला, की वस्त्र पुरे होऊन खाली उतरेपर्यंत आळीतली एकही चूल थंड पडू द्यायची नाही, असा नेम होता. म्हणजे प्रत्येक घरात कुणीतरी मुक्कामाला असलेच पाहिजे. लग्न असो, मयत असो, घरातले एक माणूस मागे राहणारच, आणि ते बहुधा घरातले सर्वांत म्हातारे माणूस असे. पूर्वी दोन-चारदा नदीचे पाणी आळीत शिरले होते, गुडघाभर. तेव्हा म्हाताऱ्यांनी माळ्यावर चढून पराती मांडल्या होत्या आणि त्यांत विस्तव जागता ठेवला होता. ही गोष्ट आळीत फार अभिमानाने सांगितली जाई. पाण्याला आपण भीत नाही, असा त्यांचा समज त्या गुडघाभर पाण्याने करून दिला होता.

त्या वर्षी महावस्त्राचा मान मार्तंडाच्या घराला मिळाला. त्याची आई चिमाबाई पंचाहत्तरीची. डोळ्यांनी फारसे दिसत नसे, पण कांड्यांवर सूत भरण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. मान घरात आला त्या दिवशी ती रडली. तिच्या नवऱ्याच्या हयातीत हा मान एकदाही त्यांच्या वाट्याला आला नव्हता.

श्रावण सरत आला. आषाढात झोडपून गेलेला पाऊस आळीवरून जणू उठूनच गेला होता. आठ दिवस एक थेंब नाही. दिवसभर पांढरी उन्हे, मधूनच ढगांची सावली आणि पश्चिमेचा एकसारखा वारा. आणि गंमत अशी, की असे विणकामाचे दिवस आळीने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. कोरड्या हवेत ताण्याचा धागा कडकडीत होतो आणि तुटतो. दर वीतभर कापडामागे दहा गाठी माराव्या लागतात. या आठ दिवसांत धागा तुटतच नव्हता. मऊ, चिवट, सांगाल तसा वाकणारा. माणसे उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मागावर बसत. सूत विकणारा व्यापारी पेठेतून आला तोही खुशीत होता. त्याचे गठ्ठे तेच होते आणि काटा मात्र जास्त दाखवत होता. त्याने चार दिवसांचा माल एका दिवसात तोलून दिला आणि जाताना म्हणाला, की देवीची कृपा आहे, यंदा ताणा तुमच्या मागावर नीट चढला.

मार्तंडाने लडी तोलली. आषाढातल्या भर पावसातसुद्धा चाळीस-पंचेचाळीसच्या वर कधी गुंजा लागल्या नव्हत्या. गेल्या आठ दिवसांत त्या चढत चढत गेल्या होत्या आणि आज पासष्ट लागल्या. तो टेकाडावर गेला आणि आकडा सांगून मोकळ्या मनाने म्हणाला, की धागा असा वाकतोय की विचारू नका, नऊ हात वस्त्र विणून झाले, या चालीने गेलो तर उरलेले महिन्याचे काम पंधरवड्यात उरकेल.

तांडेलबाबाने आकडा पुन्हा विचारला. मग वारा कुठून आहे ते विचारले, आणि मार्तंडाने पश्चिमेचाच म्हटल्यावर किती दिवस, हेही विचारले. मार्तंडाने बोटांवर मोजून नऊ सांगितले. शेवटी म्हाताऱ्याने विचारले, "ही पासष्ट गुंजांची ओल सुतात आली कुठून?"

"हवेतून," मार्तंड म्हणाला.

"आणि हवेत?"

मार्तंडाला हा प्रश्नच कधी पडला नव्हता. ओल आहे म्हणजे खळ लावायची नाही आणि विणायला बसायचे, एवढ्यावर त्याचे काम भागत होते.

तांडेलबाबाने काठी घेतली आणि तो उठला. दोन वर्षांत म्हातारा टेकाड उतरला नव्हता. मार्तंडाने हात दिला, तो त्याने घेतला. वाटेत तो फक्त एकदा थांबला, आणि नदी कशी दिसते ते सांग, असे म्हणाला. मार्तंडाने पाहून सांगितले, की नदीकाठच्या घाटाच्या पायऱ्यांपैकी सहा बुडाल्या आहेत, म्हणजे श्रावणात असते तेवढीच. फक्त पाणी कालपेक्षा तांबडे आहे. म्हातारा हुं म्हणाला आणि पुढे चालू लागला.

आळीत पोचल्यावर त्याने सगळ्यांना बोलावून घ्यायला सांगितले. माग थांबले. माणसे जरा नाराजीनेच ओट्यांवर आली, कारण असे दिवस वाया घालवायचे नसतात. तांडेलबाबाने सरळ सांगितले, की संध्याकाळपर्यंत आळी रिकामी करा, म्हातारीकोतारी, पोरे, गुरे, सगळी टेकाडावर न्या.

दोघांनी वर पाहिले. वर ऊन होते.

आळीचे वडीलधारे म्हणजे केरबाअण्णा. ते शब्द जपून वापरणारे गृहस्थ. त्यांनी म्हाताऱ्याला आधी बसायला पाट दिला, पाणी दिले आणि मग समजावले, की बाबा, आठ दिवसांत इथे पाऊस नाही, नदी जागच्या जागी आहे, आणि आलेच पाणी तर ते आम्हाला नवे नाही. "आनि दुसरं असं, की देवीचं वस्त्र मागावर हाय," ते म्हणाले. "चुली थंड पाडून आमाला जाता येत न्हाई. तुमी बाहेरचं, तुमाला त्ये ठावं नसंल."

"ठाऊक आहे," तांडेलबाबा म्हणाला. "वस्त्र उतरेपर्यंत कुणी हलणार नाही?"

"न्हाई."

चिमाबाई उंबऱ्यातच बसली होती. तिने न विचारता सांगून टाकले, की बाकीची गेली तरी मी हलायची नाही, या घराला पहिल्यांदा मान मिळाला आहे आणि माझ्या चुलीपासून नेम मोडला असे मी मेल्यावर कुणी म्हणायला नको. मार्तंडाने तिच्याकडे पाहिले. म्हाताऱ्याचे खरे असेल तर ही बाई माळ्यावर परात घेऊन बसणार, आणि तिला तिथून खाली आणणारे कुणी नसणार.

तांडेलबाबा पाटावरून उठला आणि मार्तंडाच्या घरात गेला. मार्तंड मागोमाग. खड्ड्यावर महावस्त्र ताणलेले होते. हिरवा काठ, नऊ हात विणलेले, पुढे तेवढाच ताणा उरलेला. म्हाताऱ्याने हाताने चाचपून सुताचा ताण पाहिला आणि सुरी मागितली. गाठीची टोके कापायची सुरी मार्तंडाच्या कमरेलाच होती. कुठेतरी धागा लोंबत असेल असे समजून त्याने ती काढली, आणि पुढे करता करता त्याला कळले.

त्याचा हात थांबला. मग तो म्हणाला, "माग माझा हाय. कापायचंच असंल तर मी कापतो."

खरोखर त्याने ठरवले होते. ते त्याच्या आवाजातही होते. पण तांडेलबाबाने त्याच्या हातातून सुरी काढून घेतली आणि दारात जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "तू बाजूला हो. तू याला हात लावायचा नाहीस."

आणि त्याने महावस्त्र मागावरून कापले.

ताणलेले सूत तुटते तेव्हा फार आवाज होत नाही. उरलेला ताणा सैल होऊन खड्ड्यात पडला, एवढेच. पण दारातल्या बायकांनी तोंडावर पदर घेतले, आणि चिमाबाईने न दिसणाऱ्या डोळ्यांनी विचारले, की काय झाले. कुणी तिला सांगितले नाही. मार्तंड भिंतीला टेकून उभा राहिला. देवीचे वस्त्र कापले गेले याचे दुःख त्याला झालेच, पण त्याहून जास्त लागले ते म्हाताऱ्याचे बोलणे. तीन-साडेतीन महिने रोज टेकाड चढून गेलो, आणि भरल्या आळीसमोर म्हणे बाजूला हो.

केरबाअण्णांचा आवाज पहिल्यांदा चढला. हे का केले, ते सांगा, म्हणाले.

"सांगतो," तांडेलबाबा म्हणाला. तो बाहेर ओट्यावर येऊन उभा राहिला. "वारा समुद्रावरून निघतो तेव्हा पाणी घेऊनच निघतो. पूर्वेकडे लांब कुठेतरी हवा विरळ पडते, तिकडे तो ओढला जातो. ती विरळ जागा सरकत जाते, मग ओढ संपते आणि चार दिवसांत वारा फिरतो. आज नववा दिवस आहे आणि वारा फिरलेला नाही. म्हणजे ती जागा हललेली नाही आणि समुद्राचं पाणी अजून ओढलंच जातंय. मध्ये घाट आहे. वाऱ्याला तो चढावा लागतो. चढला की गारठतो, आणि गारठला की त्याला ओझं पेलवत नाही. सगळं तिथंच टाकतो. तुमच्यापर्यंत पोचतो तो ओझं टाकून आलेला वारा, म्हणून तुमच्या डोक्यावर ऊन आहे. त्याच्या अंगाला उरलेल्या ओलीनं तुमचं सूत पासष्ट गुंजा जड झालं. मग घाटावर त्यानं किती टाकलं असेल, ते तुम्हीच बघा. डोंगर आषाढातच पिऊन तृप्त झालाय, तो आता एक थेंब ठेवून घेणार नाही. आजवरचं नदीनं पेललं; पण गुंजा रोज चढतायत आणि पाणी आज तांबडं झालंय, म्हणजे आता तिला पेलवणार नाही. घाटातून इथवर यायला नदीला एक दिवस आणि एक रात्र लागते."

माणसांना हे पटले होते असे मुळीच नाही. वस्त्र कापल्याच्या धक्क्यातून ती अजून बाहेर आली नव्हती, आणि वारा, घाट, ओझे हे शब्द त्यांच्या कानांवरून गेले.

"आणि धागा तुटत नाही म्हणून तुम्ही आठ दिवस खूश आहात," म्हातारा म्हणाला. "फुकट मिळालं ते कुठून आलं, हे कुणी विचारलं नाही. असो. आता वस्त्र मागावर नाही, नेम कुणाला लागू नाही. तो मी मोडला. पाप माझं."

हे ऐकून केरबाअण्णांना एकदम आठवण झाली, की पाप कुणाचेही असो, ते निस्तरायचीही रीत आहे. महावस्त्राला धक्का लागला, तर आळीतल्या झाडून सगळ्यांनी, अगदी तान्ह्या पोरापासून अंथरुणावरच्या म्हाताऱ्यापर्यंत, देवीपुढे बसून गाऱ्हाणे घालायचे. एकही माणूस कमी असून चालत नाही. त्यांच्या आजोबांच्या वेळी उंदराने वस्त्र कुरतडले, तेव्हा असे बसले होते. केरबाअण्णांनी तांडेलबाबाकडे रागाने पाहिले आणि आळीला हुकूम केला, की आत्ताच्या आत्ता सगळे देवळात चला, आणि गाऱ्हाणे तीन दिवसांचे आहे तेव्हा शिधा, अंथरुणे, गुरे बरोबर घ्या.

अशा रीतीने आळी टेकाडावर गेली. म्हाताऱ्यावर विश्वास ठेवून गेलेली माणसे मोजायला एका हाताची बोटेही जास्त झाली असती. बाकीची त्याला शिव्या देत गेली. चिमाबाईला मार्तंडाने पाठुंगळी घेतले. कापलेले नऊ हात वस्त्र तिने छातीशी धरले होते. वर पोचल्यावर तिने तांडेलबाबा कुठे बसला आहे ते विचारले आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

संध्याकाळी नदी आठ पायऱ्या होती. सकाळी पायऱ्या दिसत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी ऊन आदल्या दिवसासारखेच पडले. त्या उन्हात पाणी आळीत शिरले. आवाज असा काही नव्हता. पाणी गल्लीतून चालत आले, ओटे चढले, दारांतून आत गेले आणि मागांच्या खड्ड्यांत उतरले. दोन प्रहरी ते माळ्यांच्या तुळयांपर्यंत गेले. दिवस मावळताना चाळीस घरांतली अकराच छपरे दिसत होती. टेकाडावर पाऊस पडत नव्हता. लोक देवळाच्या कठड्याशी उभे राहून आपापले छप्पर शोधत होते, आणि एखादे दिसेनासे झाले की ज्याचे ते मागे येऊन देवीपुढे बसत होते. माळ्यावर परात घेऊन बसण्याबद्दल कुणी काही बोलले नाही. कापणे चुकीचे होते की बरोबर, यावरही कुणी बोलले नाही. केरबाअण्णांनी डोकी मोजली. गाऱ्हाण्यासाठी मोजली होती तेवढीच भरली.

तिसऱ्या दिवशी वारा फिरला आणि पाणी हळूहळू उतरू लागले. माग गेले होते, भिंती गेल्या होत्या, आणि व्यापाऱ्याचे जड झालेले सूत नदीने आणखी जड करून चिखलात सोडले होते. माणूस एकही गेले नव्हते. त्या संध्याकाळी चिमाबाई मुलाला म्हणाली, की मला बाबाजवळ नेऊन बसव. जवळ बसल्यावर ती एवढेच म्हणाली, की देवीला नऊ हातही पुरतील, लहान काठ लावून नेसवू. तिच्यापुरता विषय तिथे संपला.

मार्तंडाच्या मनात मात्र एक गोष्ट सलत होती. पाणी ओसरून आठवडा झाल्यावर, चिखल उपसून थकलेला तो धर्मशाळेत आला आणि म्हणाला, की मला एवढे सांगा, सुरी माझ्या हातातून का घेतलीत? वस्त्र मी कापले असते. तुम्हाला माझा भरवसा वाटला नाही का?

तांडेलबाबा म्हणाला, "तू कापशील हे दिसत होतं, म्हणून घेतली."

मार्तंडाला समजले नाही.

"पाणी येईल, हे मला पक्कं माहीत नव्हतं," म्हातारा म्हणाला.

मार्तंड त्याच्याकडे पाहत राहिला. ओट्यावर उभे राहून म्हातारा इतका ठाम बोलला होता, की मार्तंडाला तेव्हा शंकाही आली नव्हती.

"वाऱ्यानं ओझं आणलंय हे कळत होतं. कुठं टाकेल याचा अंदाज होता. पण तो थोडा उत्तरेला सरकला असता, तर सगळं पाणी पलीकडच्या नदीला गेलं असतं आणि तुमच्या सहा पायऱ्या सहाच राहिल्या असत्या. असं मी समुद्रावर कितीदा पाहिलंय. मग काय झालं असतं? उन्हात बसून आळीनं देवीचं वस्त्र कापलेलं पाहिलं असतं, आणि कापणारा चुकला असता. तो मी असतो, तर एका परक्या म्हाताऱ्याला चार-दोन वर्षं शिव्या बसल्या असत्या. मला तेवढीच उरलीयेत. तू असतास, तर त्यानंतर जन्मभर तुझं कुणी ऐकलं नसतं. आणि पुढचं पाणी आलं असतं, तेव्हा सांगायला मी नसतो."

खालच्या आळीत कुणीतरी भिंतीचा पाया ठोकत होते. मार्तंडाला इतके दिवस वाटत होते, की विद्या म्हणजे गुंजा मोजता येणे. अलीकडे वाटू लागले होते, की गुंजा कुठून आल्या ते सांगता येणे. दोन्ही त्याला आता येत होते. तिसरी गोष्ट येत नव्हती, आणि ती कुणी शिकवू शकेल असेही त्याला वाटेना. वारा काय आणतो हे जाणणाऱ्याला, चुकलो तर ते आपल्या माथी घ्यावे लागते, आणि तरी वेळेवर बोलावे लागते. त्याने वाकून म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला.

तांडेलबाबा पुढच्या माघात गेला. आळी वरच्या अंगाला पुन्हा वसली, मार्तंडाच्या ओट्यावर लडी टांगलेली राहिली, आणि पुढच्या चाळीस पावसाळ्यांत त्याने आळी सात वेळा टेकाडावर नेली. त्यांतल्या चार वेळा पाणी आले. तीन वेळा आले नाही, आणि त्या तिन्ही वेळा लोकांनी त्याला तोंडावर नको नको ते ऐकवले. त्याचे सांगणे मात्र प्रत्येक वेळी तेच असे, आणि आवाजही न चढवता सांगितलेले.

"माझं चुकंल कदाचित. पन निघा."

आणि माणसे निघत.